आपला रविवार, शाळेचा रविवार

आमच्या घरात आठवड्याला दोन रविवार असायचे. एक शाळेचा आणि एक आपला. शाळेचा रविवार कॅलेंडरात लाल अक्षरात छापलेला असे आणि त्या दिवशी बाबा डबा घेऊन कामावर जात. आपला रविवार गुरुवारी यायचा. विजेचा ताण सगळीकडे एकाच दिवशी नको म्हणून आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असे, आणि दापोडीतल्या आमच्या चाळीत जवळजवळ प्रत्येक खोलीतला पुरुष कंपनीत होता. त्यामुळे गुरुवारी सकाळी नळावर बनियन घातलेल्या बापांची गर्दी आणि लाल अक्षरातल्या रविवारी नुसत्या बायका-पोरं. पहिलीत बाईंनी विचारलं, "सुट्टी कोणत्या वारी असते?" मी हात वर करून "गुरुवारी" म्हणाले. बाई पुण्याहून यायच्या, त्यांना काही कळेना. अर्धा वर्ग माझ्या बाजूने ओरडायला लागला तेव्हा त्यांनी मुकाट्याने विषय बदलला.

मी तेव्हापासूनच आगाऊ. चुकले तरी आवाज खाली यायचा नाही. आई म्हणायची, "या पोरीला माघार म्हंजी काय ते ठावंच न्हाई." हा स्वभाव पुढे नोकरीत फार कामाला आला. पण चौथीत असताना त्याने आमच्या घरावर जो प्रसंग आणला तो आठवला की अजून कान गरम होतात. तो निभावला एका बाईमुळे. तिचे आभार मी कधी मानले नाहीत, कारण तेव्हा मला आभार मानता येत नव्हते.

ती बाई म्हणजे आमच्या चाळीची मालकीण. आम्ही तिला काकी म्हणायचो. माहेर नदीपलीकडे पिंपळे सौदागरला, सासर इथेच दापोडीत, दोन्हीकडे शेती. सासरची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली, आणि उरलेल्या तुकड्यावर काकींच्या नवऱ्याने पत्र्याच्या छपराची चाळ बांधली. तो गेल्यावर सगळा कारभार काकींकडे आला. नऊवारी लुगडं, कमरेला किल्ल्या, दारात दोन म्हशी आणि तोंड असं की भांडायला आलेला माणूस भाडं देऊन परत जायचा.

मी तिला देवी करून सांगणार नाही. आम्ही बौद्ध. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, काकींच्या भिंतीवर दत्ताची. काकींनी आम्हाला खोली दिली, कधी वाकडं बोलल्या नाहीत, आईच्या बाळंतपणात म्हशीचं तूप आणून दिलं. पण आमच्या घरचं पाणी त्या कधी प्यायल्या नव्हत्या. त्यांच्याकडे चहा मिळायचा, मग आई आपली कपबशी आपणच विसळून ठेवायची. तसं करा असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि करू नका असंही कुणी म्हणत नव्हतं.

तर या काकींच्या मुलाने टीव्ही आणला. चाळीतला पहिला आणि बरीच वर्षं एकुलता एक. लाकडी पेटीचा, पुढे दोन्हीकडून सरकणारी दारं, आणि त्या दारांना कुलूप. कुलपाची किल्ली इतर किल्ल्यांबरोबर काकींच्या कमरेला. संध्याकाळी सहा-साडेसहाला त्या कुलूप काढायच्या आणि आम्ही पोरं चपला बाहेर टाकून आत घुसायचो. शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा तो फक्त काकी मन लावून बघायच्या आणि टीव्हीतल्या माणसाशी भांडायच्या. "व्हय रं बाबा, युरिया टाक, पन जमीन कुटं ऱ्हायली?" त्यांना बाहुल्यांचा कार्यक्रमही आवडायचा, पण तो लागला की त्या मुद्दाम म्हशीकडे जायच्या आणि दारातून बघायच्या.

टीव्हीच्या डोक्यावर मांजर झोपायची. पेटी तापली की तिला तिथे ऊब मिळे. ती आमची की काकींची हे कधीच ठरलं नाही. सकाळी म्हैस पिळताना ती तिकडे हजर, दुपारी आईने सुकट भाजायला घेतली की इकडे स्टोव्हपाशी. तिला आम्ही काही नाव ठेवलं नव्हतं, दोन्ही घरांत तिला नुसतं "ए" म्हणायचे आणि ती दोन्हीकडे ओ द्यायची. तिची शेपटी टीव्हीच्या काचेवर लोंबायची. बातम्या देणाऱ्या गंभीर बाईंना नेमक्या त्या शेपटीच्या मिशा फुटायच्या आणि आम्ही हसून लोळायचो. काकी शेपटी उचलून वर ठेवायच्या, दोन मिनिटांनी ती परत खाली. या दोन घरांच्या मधे बिनदिक्कत जाणारं-येणारं आणि दोन्हीकडचं खाणारं एवढं एकच होतं. तिला ना गुरुवार होता, ना जात.

गुरुवारचं सांगायचं तर काकींचा त्या दिवशी कडक उपास. दत्ताचा वार. संध्याकाळी आरती झाल्यावरच त्या उपास सोडायच्या. आणि आमच्याकडे नेमकं गुरुवारीच मटण, कारण बाबा घरी असायचे तो एकच दिवस. बाबा सकाळी सायकल काढून पिंपरी कॅम्पात जायचे. आई-बाबा मूळचे बीडकडचे, आणि आईच्या रश्श्याला येसर लागायचा. येसर म्हणजे धान्य-डाळी नि मसाला खरपूस भाजून केलेली पूड, रश्शाला दाटपणा आणणारी. तो भाजायला लागला की वास साऱ्या चाळीत फिरायचा. काकींच्या उपासाला त्रास नको म्हणून आई गुरुवारी खिडकी लावून घ्यायची आणि दुपारी दोनच्या आत सगळं आटपायची. धुरात तिचे डोळे लाल व्हायचे. मला राग यायचा. मी म्हणायचे, "उपास त्यांचा, आणि खिडकी आपली का बंद?" आई म्हणायची, "संध्याकाळी टीव्हीपुढं बसायचंय ना बाबांना?"

हे खरं कारण होतं. गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमातल्या गाण्यांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम असे. शनिवार-रविवारचे सिनेमे बाबांच्या नशिबात नसायचे. कधी सेकंड शिफ्ट, नाही तर ओव्हरटाइम. गुरुवारची गाणी मात्र पक्की. चार वाजल्यापासून त्यांची तयारी सुरू व्हायची. दाढी, धुतलेला शर्ट, केसांना तेल. आमचे बाबा फोर्जिंगमधे होते, तापलेल्या लोखंडावर घण पडतात त्या खात्यात, वीस-बावीस वर्षांचे असल्यापासून. मुळात कमी बोलणारा माणूस. आपण काही सांगत असलो की आपल्या तोंडाकडे टक लावून बघायचे, आणि पाठमोरे असले की उत्तरच द्यायचे नाहीत. मला वाटायचं, दमलेले असतात. गाणी लागली की मात्र त्यांचा चेहरा उघडायचा आणि मांडीवर बोटं ताल धरायची. आम्ही सगळे मागे दाटीने बसायचो, पण काकी दर गुरुवारी बाबांना हाक मारायच्या, "भाऊ, तुमी हितं म्होरं बसा," आणि टीव्हीला अगदी चिकटून असलेला पाट दाखवायच्या. मग बटण पिळायच्या आणि आवाज एवढा वाढायचा की मांजर दचकून उठायची. इतर दिवशी एवढा आवाज नसे, पण ते माझ्या ध्यानात आलं नाही. काकींना ऐकू येत नाही असं मी ठरवून टाकलं होतं. पोरांना गोळा करून मी काकींची नक्कल करायचे, कानामागे हात धरून, "क्काय? क्काय म्हनलास?" पोरं हसायची. मी हुशार होते.

त्या आठवड्यात सोमवारी सकाळी मी मांजरीला शोधत काकींच्या दारात गेले. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आयला एक सांगावा दे. येत्या रविवारी चाकनचं जावई येत्यात. त्येंला झनझनीत लागतं, आन आमच्या सुनंला ते जमत न्हाई. म्हनावं, तुज्या हातचं मटण कर, तुमचं ते येसराचं. रस्सा वाईच जास्त ठिव म्हनावं, म्याबी खाईन. लई वर्सं वासावर काढली."

मी "हो" म्हणून पळाले. मांजर भिंतीवरून उडी मारून निघाली होती आणि मला ती पकडायची होती. घरी येऊन दारातूनच ओरडले, "आई, काकींनी रविवारी मटण करायला सांगितलंय, पाहुणे येणारेत. येसराचं."

आईच्या हातात पीठ होतं. ती तशीच उठली. "आपल्याला? आपल्या घरचं?"

"हो, तुझ्याच हातचं म्हणाल्या."

तिने हाताचं पीठ परातीत झटकलं. मग घरातला नेहमीचा प्रश्न विचारला, "कुठला रविवार? आपला का शाळंचा?"

आता बाहेरच्या माणसाने रविवार म्हटलं तर तो रविवारच, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण काकींचा मुलगाही कंपनीतच होता, त्यांच्या घरीही गुरुवारीच सुट्टी. शिवाय मटण म्हटलं की आपला रविवार, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकाच खुंटीला टांगलेल्या. आणि खरं सांगायचं तर परत जाऊन विचारायचा कंटाळा. मी म्हणाले, "आपला."

"अगं, पण काकी गुरुवार करत्यात ना?"

इथे मागे फिरता आलं असतं. "थांब, विचारून येते," एवढंच म्हणायचं होतं. पण मी माघार न घेणारी. म्हणाले, "पाहुण्यांसाठी गं. त्या स्वतः कुठं खाणारेत?"

असं म्हणून मी एका दमात दोन पापं केली. वार चुकीचा सांगितला, आणि "म्याबी खाईन" हे काकींचं वाक्य, जे ऐकायला आई इतकी वर्षं खिडकी बंद करून धूर खात होती, ते तिच्यापर्यंत पोचूच दिलं नाही.

आईने पुढचे तीन दिवस काकींना पुन्हा काही विचारलं नाही. आज मला त्याचं कारण कळतं. विचारायला जावं आणि त्यांनी "ऱ्हाऊ दे" म्हणावं, ही भीती. न विचारता हातात आलेली गोष्ट ती घट्ट धरून बसली होती. येसर डब्यात होता तरी तिने नवा भाजला. स्टीलचं नवं पातेलं फळीवरून काढलं, ज्यात आम्ही कधी काही केलं नव्हतं. गुरुवारी बाबा नेहमीपेक्षा जास्त मटण घेऊन आले, मसाला वाटता वाटता आईचे हात भरून आले, आणि त्या दिवशी तिने पहिल्यांदाच खिडकी उघडी ठेवली. "त्यांच्याच घरचं तर हाय," ती म्हणाली. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. मी शाळेत सांगत फिरले की आज काकींकडे आमच्या घरचं जेवण आहे.

सांजवेळी आईने पातेल्यावर स्वच्छ फडकं बांधलं आणि आम्ही निघालो. पुढे आई, मागे धुतलेल्या शर्टात बाबा, मग मी, आणि माझ्या पायात घोटाळणारी मांजर. काकींच्या पुढच्या खोलीत चाळीतली माणसं टीव्हीसाठी जमलेली होती आणि आतल्या बाजूला दत्तासमोर आरती नुकतीच संपत होती. काकींच्या हातात तबक, कापूर अजून जळत होता. आई उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "काकी, मटण आणलंय."

कोपऱ्यातल्या एका बाईने पदर नाकाला लावला. दुसरी मोठ्याने म्हणाली, "अगं बया, गुरुवारचं? आरतीच्या टायमाला?" मांजरीने पातेल्याकडे तोंड करून जोरात हाक दिली. काकी तबक हातात घेऊन वळल्या. त्यांनी पातेल्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि एकच शब्द बोलल्या, "आज?"

आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. ती ओरडली नाही. "चुकलं काकी," म्हणाली, आणि पातेलं घेऊन आल्या वाटेने परत निघाली. बाबा काय झालं ते न कळून क्षणभर तिथेच उभे होते. मग तेही तिच्यामागे आले.

घरी आल्यावर आईने पातेलं स्टोव्हशेजारी ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. मी रडत रडत सगळं सांगितलं, वार कसा न विचारता ठोकून दिला ते. मला वाटलं ती मारेल. ती म्हणाली, "मलाच हाव सुटली व्हती. मी विचारायला पायजे व्हतं." याच्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं. बाबांनी शर्ट काढून खुंटीला लावला. त्यावरून मी ओळखलं की आज गाणी नाहीत. आजच काय, आता कुठल्याच गुरुवारी नाहीत. कुठल्या तोंडाने जाऊन बसणार? इतकी वर्षं आई जे जपत होती ते मी एका शब्दात घालवलं होतं, आणि आठवड्यातला बाबांचा एकुलता एक अर्धा तास त्याच्याबरोबर गेला होता. मांजर मात्र आमच्याबरोबर परत न येता तिकडेच राहिली.

थोड्या वेळाने गाणी सुरू झाली. काकींचं घर आमच्यापासून चार खोल्या सोडून, पण उघड्या खिडकीतून गाणं स्वच्छ ऐकू येत होतं. शब्द न् शब्द, मधली बासरीसुद्धा. मी बाबांकडे बघितलं. वाटलं, निदान इथे बसून तरी ऐकतील, बोटं हलतील. बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आत्ता सुरू झाली असतील, नाही गं?"

गाणं अर्धं होऊन गेलं होतं.

मी आईकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं, आणि बाबांना दिसेल अशी मान हलवून म्हणाली, "झाली असतील." तिला ठाऊक होतं. किती दिवसांपासून ते मी आजवर विचारलेलं नाही. घणांनी आमच्या बाबांचे कान नेले होते आणि मला, त्यांच्या मांडीवर वाढलेल्या, सगळ्या जगाच्या नकला करणाऱ्या मुलीला, त्याचा पत्ता नव्हता.

दुसरं गाणं लागायच्या सुमाराला दारात किल्ल्या वाजल्या. काकी. एवढ्या वर्षांत त्या आमच्या दारात फक्त भाड्याला आणि बाळंतपणात आल्या होत्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी आईला विचारलं, "का गं, गानी बघाया का न्हाई आला?"

आई उठून उभी राहिली. "काकी, पोरीनं वार चुकीचा सांगितला. आमच्यात गुरुवारलाच रविवार म्हनत्यात. तुमच्या देवापुढं..."

"देवाचं ऱ्हाऊ दे. देवाला म्या सांगते काय सांगायचं ते. त्यो दर गुरुवारी वास घेतोय, त्येला काय नवं न्हाई." काकींनी बाबांकडे हात केला. "भाऊ का बसल्यात हितं? तिकडं आवाज कुनासाठी वाढवलाय म्या? माजं कान का फुटल्यात?"

बाबा काकींच्या ओठांकडे बघत होते. त्यांना ते कळलं असावं, कारण ते उठले आणि खुंटीवरचा शर्ट काढून घालायला लागले. बटणं खालीवर लागली.

काकी पातेल्याकडे वळल्या. "आन हे टाकू नगंस. उकळी देऊन ठिव. मटण शिळंच गोड लागतं. उद्या येते म्या."

"तुमी?" आईने विचारलं.

"म्याबी खाईन म्हनलं व्हतं की! पोरीनं सांगितलं न्हाई?"

आईने तोंडाला पदर लावला. काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही पोस्टमनीन भारी गावली तुला," आणि बाबांना पुढे घालून घेऊन गेल्या. मी खिडकीत उभी राहिले. उरलेली गाणी मी तिथूनच ऐकली. काकींच्या घरात जायला मला तोंड नव्हतं, पण आवाज किती मोठा होता ते मी पहिल्यांदाच नीट ऐकत होते. आजही टीव्हीचा मोठा आवाज ऐकून माणसं वैतागतात, तेव्हा मला चिडता येत नाही.

आईने रात्री एक उकळी दिली, पहाटे एक दिली. आम्ही त्याला हात लावला नाही, भाकरी-ठेचा खाल्ला. शुक्रवारी बाबा फर्स्ट शिफ्टला गेले. माझी शाळा दुपारची. दहाच्या सुमाराला काकी आल्या, त्यांच्यामागून मांजर. आईने पाट मांडला होता, बाजूला पाण्याचा तांब्या ठेवला होता, झाकलेला. काकी पाटावर बसल्या, लुगड्याचा काठ सारखा केला, तांब्यावरचं झाकण काढलं आणि आमच्या घरचं पाणी प्यायल्या. पाणी पिताना त्यांनी डोळे मिटले नाहीत. तहान लागल्यावर माणूस पितं तशा प्यायल्या.

आईने ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, कांदा, वाटीत रस्सा. काकींनी भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, कालवलं. मांजरीने एक हाडूक मिळवलं आणि ती कोपऱ्यात गेली. काकींनी पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला. आमच्याकडे येणारे इतर जातींतले पाहुणे पहिल्या घासालाच "वा वा" करायचे, आणि अर्ध्यातच हात धुवायचे. काकी खातच होत्या. मग थांबल्या आणि आईकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"मीठ कमी हाय गं."

आईने आदल्या दिवशी धसक्याने हात राखून मीठ घातलं होतं, मोठ्या घरी जायचंय म्हणून. ती घाबरली नाही. ती हसायला लागली. मला तेव्हा वाटलं, ही वेडी झाली का, एवढी मेहनत घेतली आणि बाई खोड काढते. खोड काकी त्यांच्या सुनेच्या हातच्या जेवणाची काढायच्या, लेकीच्या जेवणाची काढायच्या. परक्याच्या घरी त्या कधी काढत नसत. हे आईला त्याच क्षणी कळलं. मला कळायला माझं स्वतःचं घर व्हावं लागलं.

"परवा पावन्यास्नी करशील तवा नीट घाल," काकी म्हणाल्या. "आन रविवारी कर. शाळंच्या."

मग त्यांनी फळीकडे हात लांब केला. आईने उठायच्या आत आमची मिठाची बरणी त्यांनी स्वतःच ओढून घेतली, पाची बोटं आत घालून मीठ काढलं, ताटात टाकलं, कालवलं.

"आता वाढ आनखी," त्या म्हणाल्या.